धाकट्याला कोण धरील?



मागचा अंक वाचून काही वाचकांनी एक प्रश्न विचारला. "आता आदिवासी भागातही गावोगाव अंगणवाडी आहे. मग आपल्या संस्थेने लहान मुलांसाठी वेगळे काम कशाला करायचे? तोच पैसा वसतिगृहाला किंवा शिष्यवृत्तीला दिला तर?" प्रश्न रास्त आहे. आपण घाम गाळून कमावलेल्या पैशातून अर्पण देता, तेव्हा त्याचे काय होते हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. म्हणून या वेळी थोडे सविस्तर लिहिते.

आधी एक प्रसंग सांगते. भातकापणीचे दिवस होते. अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगरात असलेल्या एका ठाकरवाडीत मी सकाळी पोहोचले. वाडीत मोठे माणूस जवळजवळ कोणी नव्हते. सगळे भातखाचरांत गेले होते. एका घराच्या ओट्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर वर्षभराच्या भावाला घेऊन उभी होती.

"आज शाळा नाही का गं?" मी विचारले.

"हाये ना."

"मग गेली नाहीस?"

तिने भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले. "मंग ह्याला कोण धरील?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पिशवीतून खाऊ काढून तिच्या हातावर ठेवला. उत्तर सुचत नाही तेव्हा आपण असेच काहीतरी करतो. पण तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच प्रश्नात आहे, असे मला वाटते.

अंगणवाडी काय देते?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. आज आपण जिला अंगणवाडी म्हणतो ती याच योजनेची. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे, आईला आहार-आरोग्याचे शिक्षण आणि शाळेपूर्वीचे शिक्षण अशा सहा सेवा तिथे मिळतात. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिने मिळतील इतका पूरक आहार द्यावा, तीव्र कुपोषित मुलाला त्याहून जास्त द्यावा, असा नियम आहे. आदिवासी क्षेत्रासाठी आपल्या राज्याने २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस गरम जेवण मिळते आणि लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळतात.

हे मोठे काम आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ते किती कमी मानधनात आणि किती नोंदी सांभाळत करतात, हे मी जवळून पाहिले आहे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

पण बारकाईने पाहा. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत बसते, खेळते, जेवते. तीन वर्षांखालचे मूल मात्र तिथे बसत नाही. त्याच्यासाठी आहाराचे पाकीट घरी दिले जाते, त्याचे वजन होते, त्याला लस टोचली जाते, आणि ते घरी परत जाते. घरी कोणाकडे? आई तर शेतात किंवा मजुरीला गेलेली असते. शिवाय अंगणवाडी काही तासांची, आणि मजुरी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतची. या दोन वेळांचा मेळ बसत नाही. मधले सगळे तास ती मुलगी भावाला कडेवर घेऊन काढते.

भातकापणी संपली की डोंगरातली पुष्कळ कुटुंबे जुन्नर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. आपल्या जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांतली कुटुंबे ऊसतोडीला जातात. तिथे मजूर मोजायचे मापच 'कोयता' असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी उचल घेतलेली, दोघेही फडात. म्हणजे मूल सांभाळायला मोठे माणूस उरत नाही, हे त्या हिशेबातच ठरलेले असते. मग बाळ फडाच्या कडेला पाचटावर झोपते, किंवा कोपीत बहिणीजवळ राहते.

कोसबाडच्या टेकडीवरचा धडा

हा प्रश्न नवा नाही. 'अंगणवाडी' हा शब्द ज्यांच्या कामातून रुजला, त्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. बालशिक्षणात त्यांचे नाव झाले होते, पण ते शिक्षण शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांपुरते राहते याची त्यांना खंत होती. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे त्यांचे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले.

बालवाडी उघडली तरी मुले येईनात. म्हणून बाईच पाड्यावर जाऊन अंगणात बालवाडी भरवू लागल्या. ती अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून येत नव्हती. त्यांच्यासाठी गुरांच्या मागे कुरणात शाळा गेली. ती कुरणशाळा. आणि मुली येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. बहीण वर्गात बसेल, मधला भाऊ बालवाडीत खेळेल, तान्हे पाळण्यात झोपेल. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटले.

या गोष्टीतला धडा मला फार मोलाचा वाटतो. मूल शाळेत का येत नाही, याचे कारण त्यांनी आईबापांच्या अज्ञानात शोधले नाही. घरातली कामे कशी वाटली आहेत हे आधी पाहिले, आणि शाळेला त्यानुसार वळण दिले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पालघरच्या पाड्यावर जे कळले, ते अकोल्याच्या वाडीत आम्हाला पुन्हा शिकावे लागले.

संशोधन काय सांगते?

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "तान्ह्या मुलाला काय शिकवायचे? खाऊ-पिऊ घातले की झाले." मीही पूर्वी असेच समजत होते. पण गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने वेगळे दाखवले आहे. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे आपले २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. म्हणूनच त्या धोरणात तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा धरला आहे. पण तीन वर्षांच्या आधीच्या वयाचे काय? त्यासाठी तीन अभ्यास सांगते.

पहिला जमैका देशातला. १९८६-८७ च्या सुमारास किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या १२९ बालकांचे गट केले गेले. काहींना फक्त दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य सेविका गेली आणि आईला मुलाशी बोलायला, खेळायला शिकवले. खेळणी साधी, घरातल्या टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही मिळाले, काहींना दोन्ही नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी संशोधकांनी याच मुलांना पुन्हा शोधून काढले. ज्यांच्या घरी खेळ आणि बोलणे पोहोचले होते, त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसत्या दुधाचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. आहार हवाच. पण मुलाशी कोणीतरी बोलले पाहिजे, खेळले पाहिजे, हेही आहाराइतकेच खरे.

दुसरा अभ्यास तमिळनाडूतला. तिथे ६४० अंगणवाड्या निवडून त्यांतल्या निम्म्या ठिकाणी अर्ध्या दिवसासाठी एक जादा कार्यकर्ती दिली. बाकी काही बदलले नाही. तेवढ्याने मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने पाहिले तर मुले भाषेत आणि अंकज्ञानात पुढे गेली होती. शिवाय कुपोषणही कमी झाले होते, कारण मूळ सेविकेला आहार आणि आरोग्याकडे पाहायला सवड मिळाली. सेविका कमी पडते ती मनाने नाही. तिला हात कमी पडतात.

तिसरा अभ्यास राजस्थान, आसाम आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातला. सुमारे १४,००० मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. पाच वर्षांची बहुतेक मुले पहिलीत बसायला पुरेशी तयार नव्हती, असे दिसले. कारण बहुतेक ठिकाणी वयाला साजेसा खेळ नव्हता. खासगी बालवर्गांत पाटी-पेन्सिल, घोकंपट्टी; अंगणवाडीत बऱ्याचदा नुसते सांभाळणे. मूल बालवाडीत जाते की नाही एवढे पाहून भागत नाही. तिथे ते दिवसभर काय करते, हे पाहावे लागते.

आमची चूक

आता एक कबुली देते. आम्ही पहिली बालवाडी सुरू केली तेव्हा मी सेमिनरीतून ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा घेऊन कामाला लागून फार वर्षे झाली नव्हती. उत्साह मोठा होता. आदिवासी मुले मागे राहू नयेत म्हणून आम्ही गणवेश घेतले, रंगीत खुर्च्या घेतल्या आणि इंग्रजी बालगीते पाठ करून घेतली. पाहुणे आले की मुले रांगेत उभी राहून ती म्हणत. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येई. फोटो निघत. ते फोटो पाहून देणग्याही येत.

त्या रांगेत एक चार वर्षांचा मुलगा होता. तो वर्षभरात एक शब्द बोलला नाही. आम्ही त्याला मंद समजलो. एके दिवशी त्याची आजी त्याला न्यायला लवकर आली आणि पावसामुळे थांबली. बसल्या-बसल्या ती त्यांच्या बोलीत रानातल्या खेकड्यांची गोष्ट सांगू लागली. तो मुलगा मध्येच तिला थांबवून म्हणाला की तसे नाही, खेकडा आधी बिळात गेला होता. आणि उरलेली गोष्ट त्यानेच सांगितली. आम्ही शिक्षिका एकमेकींकडे बघत राहिलो. मूल मुके नव्हते. आमच्या बालवाडीत त्याच्या भाषेला जागा नव्हती.

त्यानंतर आम्ही इंग्रजी गाणी थांबवली, खुर्च्या हलवल्या, आणि वाडीतल्याच दोन बायांना कामाला घेतले. मूल आधी घरच्या बोलीत विचार करते, बोलते, गोष्ट रचते. तो पाया पक्का झाला की त्यावर प्रमाण मराठी बसते, आणि पुढे इंग्रजीही. हा क्रम मोडला तर मूल ओठ हलवायला शिकते, बोलायला शिकत नाही. त्या वर्षी देणग्या थोड्या कमी झाल्या, कारण दाखवण्यासारखे काही उरले नाही. हे मी आपल्याला मोकळेपणाने सांगते, कारण त्यात आपलाही वाटा होता आणि आमचाही.

चांगले पाळणाघर म्हणजे काय?

म्हणून आता आमचा भर तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरावर आहे. त्याला मोठी इमारत लागत नाही. लागते ते असे.

पहिले, वेळ. आई कामाला निघते तेव्हा पाळणाघर उघडले पाहिजे आणि ती परतेपर्यंत चालू राहिले पाहिजे. दहा वाजता उघडणारे पाळणाघर मजूर आईच्या काहीच उपयोगाचे नाही.

दुसरे, अन्न. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न लागते. लहान पोटात एका वेळी थोडेच मावते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा भरवावे लागते. नाचणीची आंबील किंवा लापशी, मऊ डाळ-भात, वर चमचाभर तेल, अंडे. आपल्या डोंगरात पिकणारी नाचणी, वरई, वाल यांतच पुष्कळ काही आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपून हेच साऱ्या देशाला दाखवून दिले.

तिसरे, मोजमाप. दर महिन्याला वजन, आणि दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, आणि ताबडतोब आरोग्य केंद्र. ही पट्टी वाचायला लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही. रंग पाहिला की कळते.

चौथे, बोलणे आणि खेळणे. अंगाई, बडबडगीत, लपाछपी, टोपलीत वस्तू भरणे आणि काढणे, पानांचे आवाज. भरवताना गप्पा. खेळणी बांबूची, कापडाची, भोपळ्याची. फक्त चिंचोके, बिया, मणी असे घशात अडकेल ते लहानग्यांपासून दूर.

पाचवे आणि सगळ्यांत महत्त्वाचे, सांभाळणारी बाई वाडीतलीच असावी आणि तिच्याकडे थोडीच मुले असावीत. दोन हातांत किती बाळे मावतात, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

अडाणी बाईला हे जमेल का, असे कोणी विचारले तर मी जामखेडचे उदाहरण देते. आपल्याच जिल्ह्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या साध्या बायांना आरोग्य सेविका म्हणून शिकवले. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कितीतरी जणी दलित. त्याच बायांनी गावातली बालके वाचवली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला आले. वाडीतल्या बाईवर विश्वास ठेवण्याचा हा वारसा आपल्या घरातलाच आहे.

आमचे पाळणाघर अंगणवाडीशी स्पर्धा करत नाही. वजनाची नोंद सेविकाच ठेवते, लसीचा दिवस एकच, आणि मूल तीन वर्षांचे झाले की ते अंगणवाडीत जाते. केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेतही आता अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ती आपल्या डोंगरापर्यंत यावी म्हणून ग्रामसभेत मागणी करायला आम्ही आयांना मदत करतो. सरकारचे काम सरकारनेच करावे. ते होईपर्यंत बाळ मोठे व्हायचे थांबत नाही, म्हणून आपण मध्ये उभे आहोत.

आपण काय करू शकता?

निर्गम पुस्तकातली मोशेची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. लव्हाळ्यांत ठेवलेल्या तान्ह्या भावावर लक्ष ठेवून त्याची बहीण नदीकाठी उभी होती. आपण बहुधा टोपलीकडे पाहतो, बहिणीकडे पाहत नाही. आणि आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. फारोच्या मुलीने मोशेच्या आईला ते मूल सांभाळण्याची मजुरी देऊ केली. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला दाम आहे, हे त्या परक्या राजकन्येला कळले होते.

म्हणून माझी विनंती अशी. नाताळच्या अर्पणातून आपली मंडळी काही देणार असेल, तर गणवेश आणि खेळण्यांऐवजी सांभाळणाऱ्या बाईचे मानधन द्या. अंडी, तेल आणि डाळ यांचा महिन्याचा खर्च उचला. भगिनी मंडळाने जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या आणि झोळ्या शिवून पाठवल्या तर त्या लगेच कामी येतील. आणि भेटीला या, पण मुलांनी काही म्हणून दाखवावे अशी अपेक्षा ठेवू नका. खाली बसा, बाळाला मांडीवर घ्या. प्रभूकडे आणलेली बाळे त्याने कवेत घेतली, तेव्हा त्यांच्याकडून काही पाठ म्हणून घेतले नव्हते.

त्या ओट्यावरच्या मुलीबद्दल आपण विचाराल. तिच्या वाडीत आता पाळणाघर आहे, आणि भाऊ तिथे येतो. ती शाळेत जाऊ लागली. पण भातकापणी झाली की तिचे आईवडील खाली बागायतीत उतरतात आणि दोन्ही मुलांना बरोबर नेतात. तिथे पाळणाघर नाही. ते महिने ती पुन्हा भावाला कडेवर घेते. मागच्या वेळी निघताना तिने मला विचारले, "तिकडं नाय का काढायचं तुम्ही?"

या वेळी मी खाऊ काढला नाही. "बघते," म्हणाले. पुढच्या हंगामापर्यंत मजुरांच्या मुक्कामाजवळ एक तरी पाळणाघर उभे राहावे, यासाठी जागा आणि बाई शोधणे सुरू आहे. आपल्या प्रार्थनेत या गोष्टीला जागा द्या.

आपली ख्रिस्तातील बहीण,
एक कार्यकर्ती